आषाढातली उपासमार

पुण्यात पाऊस लागला की सगळं शहर पश्चिमेकडे धावतं. सिंहगडावर कांदाभजी, ताम्हिणीत धबधबे, मुळशीच्या काठावर भाजलेली कणसं. डोंगर हिरवे झाले की आपल्याला वाटतं, आता सगळ्यांचीच सुबत्ता. गवताची, गुरांची, बेडकांची ती असतेच. मधमाश्यांच्या वर्षात मात्र हाच काळ दुष्काळाचा. हिरवं अमाप आणि फुललेलं अगदी थोडं. जे फुललेलं असतं त्यातला मकरंद सरींनी धुऊन गेलेला, पराग ओला होऊन चिकटलेला. सकाळी तासभर उघडीप मिळाली तर मिळाली, नाहीतर दिवसचे दिवस माशी पेटीच्या दाराशी येते, बाहेर बघते आणि आत वळते.

मी सातेरी माश्या पाळते. सातेरी म्हणजे झाडाच्या ढोलीत राहणारी, पेटीतही पाळता येणारी आपली देशी मधमाशी. काही पेट्या बावधनला घराच्या गच्चीवर आहेत, काही मुळशी तालुक्यात, सासरच्या जमिनीच्या तुकड्यावर. मधमाश्यांबद्दल अलीकडे खूप बोललं जातं. 2018 पासून 20 मे हा जागतिक मधमाशी दिन पाळला जातो, त्या दिवशी शाळांमधून चित्रं काढली जातात, भाषणं होतात. त्यानंतर तीन आठवड्यांत पाऊस येतो आणि माश्यांचे खरे हाल सुरू होतात. तेव्हा त्यांचा विषय कुणाच्याच बोलण्यात नसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की पुण्याच्या भागात मधमाशी जगते की मरते, हे पावसाळ्यात ठरतं; आणि पावसाळ्यात काय होणार ते बरंचसं आपण वैशाखात ठरवून टाकलेलं असतं.

हे नीट समजायचं तर कामकरी माशीचं आयुष्य डोळ्यांसमोर ठेवावं लागतं. कामाच्या दिवसांत ती जेमतेम सहा आठवडे जगते. पहिले काही दिवस ती घर साफ करते, मग पिल्लांना भरवते, मेण काढून पोळं बांधते, दारावर पहारा देते, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे बाहेर फिरून पंख झिजवते. म्हणजे पेटीतली माणसं, मी माश्यांना माणसंच म्हणते, सतत बदलत असतात. राणी रोज अंडी घालते म्हणून वस्ती टिकते. राणी अंडी घालते ती मात्र परागाच्या हिशेबाने. पराग हे त्यांचं प्रथिनांचं अन्न. कोवळ्या दाई माश्या तो खातात आणि त्यापासून पिल्लांना भरवायचा रस त्यांच्या अंगात तयार होतो. पराग आटला की रस आटतो, रस आटला की राणीचं अंडी घालणं कमी होतं, कधी पार थांबतं.

हे थांबतं त्या आठवड्यात पेटीकडे बघून काहीच कळत नाही. माश्या भरपूर दिसतात, आवाज भरलेला असतो. फटका बसतो तो महिना-दीड महिन्याने. ज्येष्ठाच्या शेवटी न जन्मलेली माशी श्रावणात कामावर नसते. जुन्या मरत जातात, नव्या येत नाहीत, आणि पेटीतल्या आठ चौकटींवर, म्हणजे पोळं बांधायच्या लाकडी सांगाड्यांवर, पसरलेली वस्ती बघता बघता तीन चौकटींवर येते. उरलेली पोळी रिकामी पडतात. तिथे मेणपतंग शिरतो.

मेणपतंगाला सगळे शत्रू म्हणतात. मला तो शत्रूपेक्षा पंचनामा करायला येणारा वाटतो. भरलेल्या पोळ्यावर त्याचं काही चालत नाही. सातेरी त्याच्या अळ्या ओढून बाहेर टाकते. पण जिथे माशीचा पहारा नाही तिथे त्याची मादी रात्री अंडी घालून जाते, आणि अळ्या मेणातून बोगदे काढत, पांढरं जाळं विणत पुढे सरकतात. जाळ्याचा वास आणि चिकटपणा वाढला की सातेरी एक दिवस ठरवते आणि राणीसकट निघून जाते. ही तिची जुनी सवय आहे. इटालियन माशी, म्हणजे पेटीत पाळली जाणारी युरोपीय माशी, पेटीत उपाशी मरेल, सातेरी उठून जाईल. आषाढात पेटी उघडावी आणि आत जाळं, थोडी काळी पोळी आणि चार-दोन मुंग्या, एवढंच सापडावं, हे इथल्या बहुतेक मधपाळांच्या ओळखीचं दृश्य आहे. त्यांना विचारलं तर ते सांगतील, ‘पळून गेल्या.’ मला वाटतं, त्या उपासमारीला कंटाळून गेल्या.

गणेशखिंड रस्त्यावर 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तिथल्या प्रशिक्षणात मी पहिल्यांदा पेटी उघडायला शिकले. पण पावसाळ्यात पेटी न उघडता कशी वाचायची, हे शिकवलं मुळशीच्या शेजारवाडीतल्या एका मामांनी. तरुणपणी ते झाडांच्या ढोलीतली मोहळं काढायचे, आता स्वतः पेट्या ठेवतात. भर पावसात मी झाकणाला हात घातला तेव्हा ते म्हणाले, “ताई, आत्ता झाकण काढायचं न्हाई. आतली ऊब जाती. मागनं नुसती उचलून बघा, हाताला कळतंय.”

आणि खरंच कळतं. पेटी मागच्या बाजूने दोन बोटं उचलायची. आत मध असेल तर हात खाली ओढला जातो, नसेल तर पेटी खोक्यासारखी वर येते. माश्यांना आतली पिल्लं 34-35 अंशांवर सांभाळायची असतात. बाहेर गार वारा, अंगावर ओल, अन्न कमी. अशा वेळी झाकण काढलं की ती ऊब परत आणायला त्यांना पोटातला मधच जाळावा लागतो. म्हणून आता आषाढ-श्रावणात माझं पेट्यांकडचं निम्मं काम हातांनी आणि कानांनी चालतं. संध्याकाळी पेटीला कान लावायचा, हलकी टिचकी मारायची. भरल्या पोटाची वस्ती ‘हूं’ करून लगेच गप्प होते. उपाशी वस्तीचा आवाज लांबत जातो, विस्कटतो.

उरलेलं निम्मं काम जूनच्या आधी करायचं. पेटीचा वरचा कप्पा, ज्यात माश्या जादा मध साठवतात, तो काढून टाकायचा. खाली माश्यांनी झाकली जातील एवढीच पोळी ठेवायची, बाकीची काढून, वितळवून मेण करून टाकायचं किंवा नीट बंद करून ठेवायची. मधे एक फळी सरकवून जागा आवळायची. दार दोन-तीन माश्या जाऊ शकतील एवढंच उघडं ठेवायचं. पेटी दाराच्या बाजूला जरा कलती, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर येईल. वर पत्रा किंवा ताडपत्री, पण टेकवून नाही. खालून हवा खेळली पाहिजे, नाहीतर ओलीने तळपाटावर बुरशी धरते. पेटी ज्यावर ठेवतो त्या घोडीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी. या वाट्या पावसात आपोआप भरतात असं वाटतं, पण त्यांत पानं पडून पूल तयार होतात. त्या रोज बघाव्या लागतात.

साखरेचा पाकही द्यावा लागतो. समप्रमाणात साखर आणि पाणी, उकळून गार केलेलं, बरणीच्या तोंडाला मलमलचं कापड बांधून पोळ्यांच्या वर पालथं. तो द्यायचा संध्याकाळी, दिवे लागल्यावर. आणि सगळ्या पेट्यांना एकाच वेळी. दिवसा दिला, एखादा थेंब बाहेर सांडला, तर बळकट वस्तीच्या माश्या दुबळ्या पेटीवर तुटून पडतात. एकदा लूट सुरू झाली की दुबळी वस्ती दुपारपर्यंत संपते. बाजारातला मध तर चुकूनही घालू नये, त्यातून कुणाच्या कुठल्या पेटीतला रोग येईल सांगता येत नाही.

पाकाबद्दल मात्र माझं स्पष्ट मत आहे. साखर जीव तगवते, वस्ती वाढवत नाही. तिच्यात प्रथिनं नाहीत, पराग नाही, फुलातलं दुसरं काहीच नाही. आपण मध काढून घेऊन बदल्यात साखर देतो तेव्हा व्यवहार बरोबरीचा झालेला नसतो. आजारी माणसाला सलाइन लावावं तसा पाक द्यावा. रोजचं जेवण म्हणून नव्हे.

मुळशीच्या पेट्यांचा प्रश्न आणखी वेगळा असतो. पुणे शहरात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि दीड तासावरच्या ताम्हिणीत त्याच्या कित्येक पट. तिथे जुलैत सूर्यच दिसत नाही. म्हणून त्या पेट्या आम्ही पाऊस जोर धरायच्या आत पूर्वेला हलवतो, शिरूरच्या बाजूला, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर. तिकडे पाऊस बेताचा, आणि श्रावण-भाद्रपदात बाजरी तुऱ्यात येते. बाजरीत मकरंद नाही, पण पराग आहे, आणि त्या दिवसांत हवा असतो तो परागच. बांधावर तीळ असेल तर सोन्याहून पिवळं. पेट्या हलवायच्या रात्री, सगळ्या माश्या घरी आल्यावर, दारं जाळीने बंद करून. नेल्या तर तीन-चार किलोमीटरपेक्षा लांबच न्याव्यात, नाहीतर माश्या दुसऱ्या दिवशी जुन्याच जागी परततात आणि मोकळ्या जमिनीवर घिरट्या घालत मरतात.

याला अपवाद फक्त कारवीचं वर्ष. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षं नुसती पानांवर राहते आणि मग एका पावसाळ्याच्या उत्तरार्धात डोंगरच्या डोंगर जांभळे करते. त्या वर्षी मुळशीतल्या माश्यांना कुठे न्यायची गरज नसते. उघडीप मिळेल तेवढ्या वेळात त्या इतका मध आणतात की दसऱ्याच्या सुमारास वरचा कप्पा द्यावा लागतो. मामा त्या वर्षाची वाट लेकीच्या बाळंतपणासारखी बघतात, बोटांवर मोजत. महाबळेश्वरच्या पट्ट्यात मधपाळीची परंपरा इतकी जुनी आणि दाट का, याचं एक उत्तर या झुडपांत आहे: कारवी, व्हायटी, अखरा, गेळा, आणि उन्हाळ्यात जांभूळ, हिरडा. त्याच पट्ट्यातलं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथल्या घरांमधून पेट्या आहेत हे खरंच, पण आधी तिथे जंगल आहे.

भाद्रपद सरला की पेटीत जीव येतो. सोनकी, तेरडा, टेकड्यांवरचं रानफुलांचं गवत, शहरात कुंपणांवर गुलाबी आइसक्रीम क्रीपर. माश्यांच्या मागच्या पायांवर पुन्हा पिवळ्या-नारिंगी गोळ्या दिसू लागतात, राणी पोळ्याच्या मधोमध अंड्यांचं वर्तुळ काढते. याच सुमाराला गांधीलमाश्याही जोरात असतात. त्यांची घरटी पावसाळाभर वाढून आता भरलेली असतात आणि पिल्लांना मांस हवं असतं. काळी, पोटावर नारिंगी पट्टा असलेली मोठी गांधीलमाशी पेटीसमोर हवेत तरंगत उभी राहते आणि परतणारी दमलेली माशी अलगद उचलते.

गांधीलमाशीला बघून नवे मधपाळ घाबरतात, हातात झाडू घेऊन दिवसभर पहारा देतात. मी हल्ली दार आवळते आणि माश्यांवर भरवसा ठेवते, कारण सातेरीकडे या शत्रूसाठी फार जुना उपाय आहे. एखादी गांधीलमाशी दारावर उतरली की शेकडो माश्या तिच्यावर झेपावतात, तिच्याभोवती घट्ट गोळा करतात आणि छातीचे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतात. गोळ्याच्या आतलं तापमान 45 अंशांच्या पुढे जातं. गांधीलमाशीला ते सोसत नाही, सातेरीला थोडा वेळ सोसतं. दहा-पंधरा मिनिटांनी गोळा सुटतो आणि खाली मेलेली गांधीलमाशी पडते. मी हे माझ्या गच्चीवर पाहिलं आहे आणि तेव्हापासून या जातीबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो शब्दांत बसत नाही. जगभरच्या मधपाळांना रडवणारा व्हॅरोआ हा कोळीकीटकही मुळात सातेरीचाच जुना पाहुणा. सातेरी एकमेकींच्या अंगावरून तो टिपून काढते, आणि तिच्या पेटीत त्याची वीण बहुतेक नरांच्या पिल्लांवरच होते. तो युरोपीय माशीवर गेला तेव्हा तिच्याकडे हे काहीच नव्हतं. वेडे राघू आणि कोतवाल तारेवर बसून माश्या टिपतात, त्यांच्यासाठी पेट्या झाडाच्या छत्राखाली ठेवल्या की पुरतं. राघूंनाही पोट आहे.

एका शत्रूपुढे मात्र सातेरी हतबल झाली होती. थाई सॅकब्रूड या विषाणूने 1991-92 च्या सुमारास दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुतांश वसाहती संपवल्या. या रोगात अळी बंद घरात पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते; घराचं झाकण उघडलं की तिचं टोक होडीच्या नाळीसारखं वर आलेलं दिसतं. यावर औषध नाही. राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवायची, रोगट पोळी नष्ट करायची, चौकटी या पेटीतून त्या पेटीत फिरवायच्या नाहीत, आणि वस्ती पोसलेली ठेवायची. भरल्या पोटाच्या, दाटीने राहणाऱ्या माश्या मेलेली अळी पटकन बाहेर काढतात. पुन्हा गाडी अन्नापाशीच येते.

हिवाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पुण्याची थंडी सातेरीला सोसते. जानेवारी-फेब्रुवारीत कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट फुलतात, काटेसावर लाल होते, माश्या वाढतात आणि माघ-फाल्गुनात वस्ती फुटू बघते, म्हणजे निम्म्या माश्या राणीसह नवं घर शोधायला निघू बघतात. तेव्हा दर आठवड्याला राणीघरं, म्हणजे नव्या राण्या वाढवायची घरं, तपासायची, जागा वाढवून द्यायची, हवं तर वाटणी करायची. हे दिवस आनंदाचे असतात.

मग चैत्र-वैशाख. करंज, कडुलिंब, जांभूळ, हिरडा, शहरात सोनमोहर, शेवटी चिंच. ऊन चाळिशीला टेकलेलं असतं, माश्या दारात ओळीने उभ्या राहून पंखांनी वारा घालत असतात, पाणी आणून पोळ्यावर शिंपडत असतात. त्यांना पेटीजवळ पाणी द्यावं. मी पसरट परातीत गोटे ठेवून पाणी भरते, म्हणजे माश्या बुडत नाहीत आणि शेजाऱ्यांच्या कूलरवरही जात नाहीत.

याच दिवसांत सोसायट्यांमध्ये आग्या मोहोळावरून भांडणं होतात. आग्या माशी दिवाळीच्या आगेमागे शहरात उतरते आणि उंच इमारतींच्या सज्जाखाली, पाण्याच्या टाक्यांना, जुन्या पिंपळांना हातभर रुंदीचं एकच पोळं लावते. आमच्या सोसायटीत एका वर्षी पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीखाली असंच मोठं पोळं आलं. एप्रिलमध्ये ते कुणाच्या तरी लक्षात आलं आणि सभेत एकच मुद्दा उरला, पेस्ट कंट्रोलवाल्याला कधी बोलवायचं.

भीती खोटी नव्हती. आग्या माशी चिडली तर झुंडीने येते, आणि एकीने डंख मारला की तिथून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, तो बाकीच्यांना बोलावतो. दर उन्हाळ्यात गडांवर पर्यटकांना माश्या चावल्याच्या बातम्या येतात. पण त्या बातम्यांच्या मागे बहुतेक वेळा धूर, दगड किंवा फटाका असतो. सभेत एक काका म्हणाले, “मॅडम, उद्या एखाद्या पोराला काही झालं तर जबाबदारी तुम्ही घेणार का?” प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, “काका, माझंही पोर याच आवारात खेळतं. मला फक्त जूनपर्यंतचा वेळ द्या. पाऊस आला की त्या आपणहून जातील.”

आग्या माशी पाहुणी असते. फुलांचा हंगाम संपला, पाऊस जवळ आला की ती पोळं रिकामं करून निघून जाते. मे महिन्यात तिला मारण्यासाठी पैसे मोजणं म्हणजे पुढच्या काही आठवड्यांत स्वतःहून जाणाऱ्याला विष घालणं. शिवाय मारून उपयोगही होत नाही. ती जागा माश्यांच्या पसंतीची असते. तेच गट वर्षानुवर्षं त्याच जागी परततात, हे जनुकीय चाचण्यांतूनही दिसलं आहे. एक मारला तर ती मोक्याची जागा दुसऱ्यासाठी मोकळी होते.

त्या बाल्कनीच्या घरात आजी-आजोबाच होते. त्यांनी आधी होकार दिला, मग बाकीच्यांनी. बाल्कनीच्या दाराला डासांची जाळी बसवली. रात्री त्या बाजूचा दिवा बंद, कारण आग्या माशी उजेडाला येते आणि दिव्याभोवती पडून मरते, आणि पायाखाली आली तर डंखही मारते. खाली धूप, शेकोटी, फटाके बंद. वॉचमनदादांना सांगून ठेवलं की कुणी डंखला गेला तर काटा चिमटीत धरून ओढायचा नाही, नखाने किंवा कार्डाने खरवडून लगेच काढायचा, कारण काट्यासोबतची पिशवी विष सोडत राहते. आणि चेहरा सुजला, श्वास लागला तर थेट दवाखाना. कुणालाही काही झालं नाही. संध्याकाळी आजोबा जाळीमागे खुर्ची टाकून बसायचे. गांधीलमाशी जवळ आली की पोळ्यावरच्या माश्या एकापाठोपाठ पोटं उचलतात आणि पोळ्यावरून लाट सरकते. आजोबा ती लाट नातवाला फोनवर दाखवायचे. पहिल्या वळवाच्या सरीनंतर काही दिवसांतच पोळं रिकामं झालं.

त्याच मे महिन्यात दुसऱ्या एका इमारतीत पोळ्यावर फवारणी झाली. त्यानंतर दोन दिवसांनी माझ्या गच्चीवरच्या पेट्यांसमोर मेलेल्या माश्यांचा थर होता, कित्येकींची सोंड बाहेर लोंबलेली. ही विषबाधेची ओळखीची खूण आहे. मारलेल्या पोळ्यात मध उरतो, त्यात विष असतं, आणि वैशाखाच्या अखेरीस भुकेलेली सातेरी तो मध लुटायला जाते. शेतातही हेच होतं. फुलोऱ्यात फवारणी करणारा शेतकरी माश्यांचा वैरी नसतो. त्याला वेळ कुणी सांगितलेली नसते. फवारणी अटळ असेल तर ती फुलोऱ्याआधी किंवा नंतर करावी, आणि तेही जमत नसेल तर सूर्य मावळल्यावर, इतकं जरी पाळलं तरी फरक पडतो. युरोपीय संघाने 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकं उघड्या शेतात वापरायला बंदी घातली. इमिडाक्लोप्रिड आपल्याकडे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं.

आणि मे महिन्यातच येतो मध काढण्याचा दिवस. सातेरीच्या चांगल्या पेटीतून वर्षाला पाच-सात किलो मध मिळतो. जांभळाचा मध जरा कडसर, गडद, आमच्या घरी सगळ्यांना तोच आवडतो. मागणी असते, भाव असतो, नातेवाईक बाटल्या पाठवून देतात. नेमक्या त्याच दिवशी पुढच्या चार महिन्यांचा निकाल लागतो. खालच्या कप्प्यातल्या पोळ्यांच्या माथ्यावर मधाची जाड पट्टी असते. ती मध काढायच्या यंत्रात घालण्याचा मोह होतो, कारण ती समोर दिसते आणि आषाढ दिसत नाही. मी खालच्या कप्प्याला हात लावत नाही. वरच्या कप्प्यातलाही मेणाने पूर्ण बंद झालेला मधच काढते, आणि ज्या पेटीने वर थोडंच साठवलंय तिचं तिलाच ठेवते. यामुळे माझ्याकडे मध कमी निघतो. ओळखीच्यांना मी सांगते, यंदा पाव किलोच मिळेल.

गेल्या वर्षीपासून मी बियाणं आणि फांद्या वाटते. पावसाळ्यात जे फुलेल ते. सोसायटीच्या बागेत माळी हिरवळ, पाम आणि रंगीत पानांची झुडपं लावतो. दिसायला छान, पण माशीला त्यात काही नाही. आता मागच्या कुंपणभिंतीवर आइसक्रीम क्रीपर चढवायला समितीने परवानगी दिली आहे. कोपऱ्यात शेवगा लावलाय, तो वर्षातून अनेकदा फुलतो. गच्चीवर मोठ्या कुंड्यांत तीळ आणि मका. ज्यांच्याकडे फक्त खिडकी आहे त्यांना मी तुळशीचं सांगते. आपल्याकडे रोप टिकावं म्हणून मंजिऱ्या खुडायची पद्धत आहे. चार रोपं असतील तर त्यांतल्या दोन रोपांच्या मंजिऱ्या श्रावणभर राहू द्या. सकाळी उघडीप मिळाली की आठ-नऊच्या सुमाराला सातेरी तिथे येते, आणि फुलोरी माशीही, आग्यापेक्षा कितीतरी लहान.

क्रीपरच्या काड्या मी रोहिणी नक्षत्रात पिशव्यांमध्ये लावते, मृगाला वाटते. बावधन, पाषाण, कोथरूडमध्ये कुणाला हव्या असतील तर कळवा. पाणी रोज घालावं लागणार नाही, पण पहिली दोन वर्षं छाटू नका.